सेहेचाळीस मीटर

मंगळवारी तिसऱ्या तासाला आठवीच्या वर्गात जोव्हिता तुगिनायने चार पुस्तके एकावर एक रचली, त्यांवर फळीचे एक टोक टेकवले आणि वरून काचेची गोटी सोडली. गोटी खाली आली आणि सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. मग तिने फळीवर गोणपाट अंथरले आणि तीच गोटी पुन्हा सोडली. या वेळी ती रेंगाळत उतरली आणि फळीच्या पुढे हातभर जाऊन थांबली.

“गोटी तीच, उंची तीच,” जोव्हिता म्हणाली. “वर होती तेव्हा दोन्ही वेळा तिच्यात सारखीच स्थितिज ऊर्जा होती. खाली येताना तिची गतिज ऊर्जा व्हायला हवी. मग दुसऱ्या वेळी ती गेली कुठे?”

“गोणपाटाने खाल्ली, मॅम.”

“बरोबर. घर्षणाने खाल्ली. नाहीशी झाली नाही. गोणपाट थोडं तापलं, इतकंच.”

मागच्या बाकावरच्या मेरिदेलने हात वर केला. ती क्वचित बोलत असे. “मग मॅम, आपल्या रस्त्यावरचं गोणपाट मार्चमध्येच काढून टाकलं की.”

वर्ग हसला. जोव्हिताही हसायला गेली, पण तिला हसू आले नाही.

तालोब गावात एकच रस्ता आहे. वर डोंगराच्या कडेला पाहुण्यांसाठी बांधलेली शेड आहे. तिथून निघून तो सातशे मीटर वळणे घेत उतरतो, खाली थोडा सपाट होतो आणि एका काटकोनी वळणावर कमरेएवढ्या कठड्याला लागतो. कठड्यापलीकडे भाताची शेते पायऱ्यापायऱ्यांनी नदीपर्यंत गेली आहेत. जोव्हिताला आठवते तेव्हापासून हा रस्ता खडी, खड्डे आणि चिखलाचा होता. मार्चमध्ये त्यावर काँक्रीट पडले. बानावेहून येणारी जीपनी, म्हणजे लांबट प्रवासी जीप, आता पाऊण तासाऐवजी बारा मिनिटांत येते. गावाने त्या आनंदात दोन डुकरे कापली होती.

दर तीन वर्षांनी एप्रिलमध्ये याच रस्त्यावरून लाकडी गाड्यांची शर्यत होते. गाडी म्हणजे एक जाड फळी, दोन लाकडी चाके, चाकांवर ट्रकच्या टायरची पट्टी आणि पुढे रेड्याचे तोंड कोरलेले हँडल. इंजिन नाही, पेडल नाही. शेडजवळून निघायचे आणि खाली कठड्याअलीकडे थांबायचे. शर्यत चार दिवसांवर, शनिवारी होती. तिचा धाकटा भाऊ रेनान पहिल्या रांगेत होता.

शेडपासून सपाटीपर्यंतची उंची तिला पाठ होती. गेल्या वर्षी याच मुलांना घेऊन तिने पारदर्शक नळीत पाणी भरून दोन शनिवारांत ती मोजली होती. सेहेचाळीस मीटर. मधल्या सुट्टीत तिने हजेरीपटाच्या मागे आकडे मांडले. वाटेत काहीच वाया गेले नाही तर खाली वेग ताशी एकशे आठ किलोमीटर. अर्धी ऊर्जा वाटेत गेली असे धरले तरी शहात्तर. तिने आकडेमोड पुन्हा केली. उत्तर तेच आले. मग तिला जाणवले की नव्या काँक्रीटवरून अजून एकही गाडी उतरलेली नाही. नव्या गाड्यांची चाके पूजेआधी रस्त्याला लावायची नाहीत, असा गावचा रिवाज होता. बाराच्या बारा गाड्या घराघरांत दोरीने टांगलेल्या होत्या. पूजा शुक्रवारी होती.

संध्याकाळी तिचे वडील बिनवाग घराखाली बसून चाक तासत होते. त्रेसष्ट वर्षांचे, गालात सुपारीचा विडा. बारापैकी नऊ गाड्या त्यांच्या हातच्या होत्या.

“आमा, काँक्रीटवर कुणी उतरून बघितलंय का?”

“पूजेआधी? तू कुठे वाढलीस गं, मनिलात?”

“म्हणजे कुणीच नाही.”

“रस्ता चांगला झालाय,” बिनवाग म्हणाले. “खड्डे होते तेव्हा माणसं उतरली. आता तर गालिचा आहे.”

रेनान पायरीवर बसून पायाची नखे कापत होता. तो बानावेत ट्रायसिकल, म्हणजे भाड्याची तीनचाकी, चालवत असे आणि मागच्या शर्यतीत दुसरा आला होता. “मनांगने आज मुलांना गोट्या खेळायला शिकवलं म्हणे. मेरिदेलचा भाऊ सांगत होता. आता आपण सगळे गोट्या.” मोठ्या बहिणीला तो मनांग म्हणे आणि ती त्याला आदिंग, म्हणजे धाकटा.

“तू गोटीपेक्षा जड आहेस, आदिंग. आणि गोटीला आई-बाप नसतात.” जोव्हिता वडिलांकडे वळली. “आमा, खाली गाडी थांबते कशाने?”

त्यांनी बोटाने दाखवले. मागच्या चाकावर टायरच्या रबराचा एक जाड तुकडा लाकडी दांड्याला खिळलेला होता. दांडा टाचेने दाबला की रबर चाकाला घासत असे. तो ब्रेक तालोबमध्ये बिनवागनेच पहिल्यांदा केला होता. आजूबाजूच्या गावांनी नंतर उचलला.

“चाळीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “या ब्रेकवर एक माणूस पडला नाही.”

“एक पडला,” रेनान म्हणाला. “तुमचा मेव्हणा.”

“तो गाडीवर बसायच्या आधीच पडला होता. तांदळाची दारू पिऊन.”

दोघे हसले. जोव्हिता थांबली आणि मग तिने दुपारपासून तोंडात घोळत असलेले वाक्य उच्चारले. “मला वाटतं तुमचा ब्रेक कधीच गाडी थांबवत नव्हता. अर्ध्याहून जास्त काम रस्ता करायचा. खडी, खड्डे, चिखल. खाली येईपर्यंत गाडीतली ताकद संपलेली असायची. ब्रेक फक्त शेवटचं काम करायचा.”

बिनवागचा हात थांबला. त्यांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. रेनानने नखे कापायचे सोडले.

“मग आता?” बिनवागने विचारले.

“आता खडी नाही. सगळं ब्रेकवर येणार. सपाटीला कठड्यापर्यंत पन्नास पावलं आहेत.”

“उतारावरच ब्रेक दाबत यायचं, त्यात काय,” बिनवाग म्हणाले.

“आमा!” रेनान उसळला. “शर्यत आहे का मयताची मिरवणूक?”

शेवटी बिनवागने चाक बाजूला ठेवले. “शुक्रवारी पूजा झाली की मी उतरतो. ज्याने ब्रेक केला त्यानेच बसायचं. तू सांगशील तिथून, जोवी. तू पावलं मोज. तुझा हिशेब खरा निघाला तर शनिवारी रेनान उतरणार नाही.”

“मला विचारलं कुणी?” रेनान म्हणाला.

“नाही,” बिनवाग म्हणाले आणि चाक पुन्हा हातात घेतले.

शुक्रवारी सकाळी मुंबाकीने, गावच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने, कोंबडी कापून तिची पित्ताची पिशवी पाहिली. पिशवी भरलेली, गडद आणि जागच्या जागी होती. याहून चांगला कौल नसतो. गावचा कॅप्टन, म्हणजे सरपंच, सिक्स्तो रांगेत सर्वांच्या पुढे वाकून पाहत होता. उद्या तीनशे पाहुणे येणार होते आणि मंडपासाठी बांबू अजून उतरायचे होते. त्याने मोकळा श्वास घेतला.

“ऐकलं, मॅम?” तो जोव्हिताला म्हणाला. “पित्त हो म्हणालं. आता तुमच्या खडूच्या खुणा काढा हव्या तर.”

“काढल्यात, कॅप. पहाटेच.”

तिने रस्त्यावर चार आडव्या रेघा मारल्या होत्या. सपाटीपासून पाच, दहा, पंधरा आणि वीस मीटर उंचीवर. सपाटी जिथे सुरू होते तिथे पाइनचे झाड होते. झाड आले की टाच दाबायची, त्याआधी नाही. शर्यतीत कुणीच आधी दाबत नाही, म्हणून तसेच ठरले.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बिनवाग पहिल्या खुणेवर उभे राहिले. रेनानने मागून गाडी धरली होती, शर्यतीतल्या बारांखेरीजची एक जादा गाडी. खाली कठड्याजवळ जोव्हिता आणि सिक्स्तो होते, कडेला दहा-पंधरा माणसे आणि वर्गातली काही मुले. मुलांना तिने कठड्यावर चढून बसू दिले नाही.

बिनवाग अलगद आले, पाइनशी टाच दाबली आणि थांबले. जोव्हिताने पाइनपासून गाडीपर्यंत पावले टाकली. बारा.

“थांबला!” सिक्स्तो वर ओरडला. वरून रेनानची आरोळी आली. त्याने खाली येऊन गाडी खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या खुणेवर नेली.

दुसऱ्या खुणेवरून चोवीस.

“दुप्पट उंची, दुप्पट पावलं,” जोव्हिता म्हणाली.

“आणि ब्रेक दोन्ही वेळा थांबवतोय,” बिनवाग म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. गेल्या नऊ वर्षांत ते गाडीवर बसले नव्हते.

“तुम्हाला मजा येतेय, आमा.”

“थोडी.”

तिसऱ्या खुणेच्या खाली एक वळण होते. बिनवाग तिथून आले तेव्हा जोव्हिताच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आधीच्या दोन फेऱ्यांत आली नव्हती. गाडी दिसली तेव्हाच ती येते आहे हे कळले. खडीच्या रस्त्यावर पार शेडपासून खडखडाट ऐकू यायचा. कुत्री आधी उठायची, मग बायका मुलांना ओढून घ्यायच्या. आता फक्त रबराचा एक सुस्कारा होता आणि तोही गाडी समोरून गेल्यावर. मुले हसत राहिली. एका म्हातारीने मात्र नातवाचा हात धरला.

अडतीस पावले. छत्तीस यायला हवी होती.

जोव्हिता वाकली आणि ब्रेकच्या रबराला तिने बोट लावले. लगेच काढून घेतले. रबर मऊ पडले होते, त्याची कडा चाकाच्या पट्टीवर काळी फासली गेली होती, आणि जळक्या टायरचा वास येत होता.

“बस, आमा. हिशेब झाला. आणि तापलं की ब्रेक अजून कमी पकडतो. वरून शंभरच्या वर पावलं लागतील. इथे पन्नास आहेत.”

“चौथी खूण आहे ना?”

“तिची गरज नाही.”

“तुझा हिशेब तिसऱ्या खुणेपर्यंत बरोबर आहे,” ते म्हणाले. “चौथ्याला मला बघू दे. चाळीस वर्षांचा आहे हा ब्रेक, जोवी. तीन रेघांवर मी त्याला नाही म्हणणार नाही.”

“निदान गार होऊ द्या.”

“उद्या रेनानला गार करायला कोण थांबणार आहे?”

ते बरोबर बोलत होते आणि त्यांनी ते चुकीच्या बाजूने वापरले होते. तिने सिक्स्तोकडे पाहिले. तो फोनवर बांबूवाल्याशी भांडत होता. रेनानने गाडी खांद्यावर घेतली आणि बापलेक वर निघाले. वळणावर दिसेनासे होण्याआधी रेनान काहीतरी बोलला आणि बिनवागने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

दोन वाजून बावन्न मिनिटांनी बिनवाग वळणावर दिसले. पाइनशी त्यांनी टाच दाबली. लगेच धूर निघाला, आधी पांढरा, मग काळपट. जोव्हिता मोजत होती. गाडी विसाव्या पावलाशी आली तेव्हा वेग उतरला होता, पण पुरेसा नाही. तिसाव्याला तिने पाहिले की वडील दोन्ही टाचांनी दाबत आहेत आणि खाली पाहत आहेत, समोर नाही. चाळिसाव्याला ती ओरडली, “उडी मारा!” त्यांनी मारली नाही. आपल्या ब्रेकवरून ते उतरले नाहीत. गाडी कठड्यावर आदळली, मागून वर उचलली गेली आणि बिनवागचा उजवा पाय फळी आणि काँक्रीटच्या मध्ये सापडला.

आवाज लहान होता. मग सगळे एकदम ओरडले. मुले, म्हातारी, सिक्स्तो, कडेचे लोक. ती आरडाओरड डोंगरावर आपटून परत आली.

पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. जोव्हिताने आपला गळ्यातला रुमाल फाडून बांबूची कामटी बांधायला घेतली. वडिलांचे दात आवळलेले होते आणि विड्याचा लाल रस हनुवटीवर आला होता. कुणीतरी जीपनी आणायला पळाले.

सिक्स्तो उकिडवा बसला. तो वाईट माणूस नव्हता. वडीलधाऱ्यांना मानाने हाक मारतात तसे तो म्हणाला, “अपो, फार वाईट झालं. पण लागोपाठ चौथी फेरी होती ना. ब्रेक तापलेला होता. उद्या सगळ्यांचा गार असेल. एकच फेरी. तुम्हीच सांगा, गार ब्रेक धरला असता की नाही?”

बाजूचे लोक जवळ सरकले. नऊ गाड्या या माणसाच्या होत्या. तो हो म्हणाला असता तर उद्या बाराही गाड्या वरून सुटल्या असत्या. जोव्हिताने तोंड उघडले, पण बिनवागने तिच्या मनगटावर हात ठेवला.

“धरला नसता,” ते म्हणाले. “मला टाचेखाली कळलं. कधीच धरत नव्हता. रस्ता धरायचा.” त्यांनी श्वास घेतला. “शर्यत दुसऱ्या रेघेवरून ठेव, सिक्स्तो. वरून माझी गाडी सुटणार नाही.”

“पाहुणे हसतील, अपो. दुसऱ्या रेघेवरून तर बाळंसुद्धा...”

“हसू देत.”

सिक्स्तोने मान हलवली. होकारार्थी. रेनान उद्या वरून येणार नव्हता. तिने त्याला सांगायला मान वर केली आणि तेव्हा तिच्या लक्षात आले की तो अजून खाली आलेला नाही.

दर फेरीनंतर तो दोन मिनिटांत आला होता. गाडी न्यायला. आता सहा मिनिटे झाली होती.

“त्याला ओरडून कुणी सांगितलं?” तिने विचारले.

“काय सांगायचं?” सिक्स्तो म्हणाला. मग त्याचाही चेहरा बदलला. आधीच्या तिन्ही वेळा खालून आरोळी गेली होती आणि याही वेळी खालून आरोळीच गेली होती. चौथ्या खुणेवरून कठडा दिसत नाही.

तिने फोन लावला. तो वाजत राहिला. रेनानची स्वतःची गाडी उद्यासाठी आधीच वरच्या शेडमध्ये नेऊन ठेवलेली होती. पूजा झाली होती. चाक रस्त्याला लावायला आता कुणाची हरकत नव्हती. आणि बाप वीस मीटरवरून उतरून थांबला, असे त्याला वाटत होते.

कठड्याजवळून वळणापलीकडच्या रस्त्याचा एक तुकडाच दिसतो, शेडच्या खालचा. जोव्हिताने पाहिले तेव्हा त्या तुकड्यावरून एक वाकलेला माणूस खाली सरकला आणि पाइनच्या रांगेआड गेला. आवाज आला नाही.

“आमाला उचला,” ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसाच होता. “कॅप, पायाकडून. मुलांनो, वरच्या बाजूला, गटाराच्या पलीकडे. सगळे. आत्ता.”

“जीपनी येतेय ना, हलवू नका...” सिक्स्तो म्हणाला.

“उचला!”

बिनवाग ओरडले आणि मग बेशुद्ध झाले. त्यांना रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला ओढले तेव्हा मोडलेली गाडी मधेच पडून राहिली. तिला काढायला वेळ नव्हता. जोव्हिता पाइनच्या दिशेने पळाली, दोन्ही हात पसरून, आणि वळणावर तो समोर आला.

तो तिला वाटले होते त्याहून लवकर आला. रेनान हँडलवर आडवा झालेला, डोळे बारीक केलेले, तोंडावर हसू. त्याने तिला पाहिले. हसू गेले. त्याने टाच दाबली आणि मागे धुराची रेघ उठली, पण गाडी तशीच येत राहिली. समोर बहीण, तिच्या मागे रस्त्यात आडवी पडलेली गाडी, तिच्या मागे कठडा. त्याने हँडल डोंगराच्या बाजूला वळवले आणि तो गटारात फेकला गेला.

गाडी त्याच्याशिवाय गेली. ती कठड्यावर चढली, तिथे क्षणभर उभी राहिल्यासारखी दिसली आणि पलीकडे गेली. नंतर ती शेतांच्या चौथ्या पायरीवर सापडली. रेनान गटारात काँक्रीटच्या भिंतीला घासत वीस-एक पावले गेला आणि थांबला.

जोव्हिता त्याच्याजवळ पोचली तेव्हा त्याचा डावा खांदा चुकीच्या जागी होता. पाठीची कातडी कमरेपर्यंत गेलेली होती. डोळे उघडे होते.

“मनांग,” तो म्हणाला. “कितीत थांबलो?”

“बोलू नकोस.”

“आमा कितीत थांबले?”

तिने त्याचे डोके मांडीवर घेतले. त्याने मान वळवून कठड्याकडे पाहिले, तिथल्या तुटलेल्या गाडीकडे, गटारापलीकडे आडव्या पडलेल्या वडिलांकडे. मग त्याने पुढे काही विचारले नाही. त्याचा श्वास चालू होता आणि ती तो मोजत होती.

खालून जीपनी आली. बिनवागना चढवले, मग रेनानला. चालकाने विचारले, अजून कुणी आहे का. जोव्हिता नाही म्हणणार होती. ती मागच्या फळीवर एक पाय ठेवून थांबली.

“कॅप, बाकीचे अकरा जण कुठे आहेत?”

सिक्स्तोने सगळ्यांकडे पाहिले. कडेला म्हातारी होती, मुले होती, बांबू घेऊन आलेले दोघे होते. शर्यतीतले कुणीच नव्हते. बिनवाग तुगिनाय नव्या रस्त्यावर उतरले, ही बातमी दुपारी दोनपासून गावभर होती. घराघरांतल्या दोऱ्या सुटल्या असणार आणि गाड्या वर गेल्या असणार.

त्याने फोन काढला, पुन्हा खिशात ठेवला. मग चपला काढून तो पळतच पाइनपर्यंत गेला आणि रस्त्याच्या मधोमध, हात पसरून, वर तोंड करून उभा राहिला. जीपनी वळून खाली निघाली तेव्हाही तो तसाच होता, नजर न हलवता. ऐकून काही कळणार नव्हते.